पहिला फेरा हाताने

आग्रही : मामा, जे यंत्र स्वतःच्या बिघाडाने बंद पडले नाही, चालवणारा माणूस गेला म्हणून उभे राहिले, त्याला मोडीत काढण्यापूर्वी एकदा तरी सुरू करून पाहावे, एवढेच माझे मागणे आहे. आजोबांचा एचएमटी २५११ ट्रॅक्टर कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक तप उभा आहे. तो येथे कोणी ओढून आणला नाही. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावाहून, आजोबांच्या शेवटच्या वर्षी, तो स्वतःच्या चाकांवर चालत आला, आणि शेडमध्ये शिरताना त्याने सोडलेल्या धुराचा डाग वरच्या पत्र्यावर अजून आहे. पुढे २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने धोक्याची ४३ फुटांची खूण मागे टाकून ५५ फुटांच्याही वर मजल मारली, शिरोळ भागातल्या माणसांना नावांतून बाहेर काढावे लागले आणि आमची गावाकडची जुनी शेड पाण्यात गेली. हा मात्र शहराच्या उंच बाजूला असल्यामुळे कोरडा राहिला. महापुरातून जे सुटले ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढवताना माझा हात कचरतो. तुम्ही उद्यमनगरात उभा जन्म डिझेलपंप आणि नोझल दुरुस्त करण्यात घालवलात. या बाबतीत तुमच्याइतका अधिकार घरात दुसऱ्या कोणाचा नाही, आणि म्हणूनच तुम्ही मान हलवता तेव्हा ते मला अधिक लागते.

साशंक : मी नकार अजून दिलेला नाही; मला शंका आहे ती तुझ्या शब्दाबद्दल. 'सुरू करणे' हे तू एकच काम समजतोस, आणि त्याच्या पोटात निदान तीन निरनिराळी कामे आहेत. इंजिनाने धूर सोडून दोन मिनिटे आवाज करणे हे एक. नांगराला जोडल्यावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत न कुरकुरता चालणे हे दुसरे. आणि पुढची दहा वर्षे हंगामामागून हंगाम भरवशाने उभे राहणे हे तिसरे. पहिले काम माझ्या हातून बहुधा होईल. परंतु पहिल्याच्या घाईत दुसरे आणि तिसरे कायमचे हातचे गेले, अशी इंजिने माझ्या बाकावर पुष्कळ आली. माणसे मोठ्या उमेदीने नवी बॅटरी आणीत, टाकीत पडलेल्या जुन्याच डिझेलवर सेल्फ मारीत, त्याने घेतले नाही तर दुसरा ट्रॅक्टर पुढे लावून साखळीने ओढीत, आणि मग वाकलेला कनेक्टिंग रॉड पोत्यात घालून माझ्याकडे येत. उभे राहून इतक्या वर्षांत त्या यंत्राचे जे नुकसान झाले नव्हते, ते त्या एका सकाळी झालेले असे.

आग्रही : घाईबद्दलचे तुमचे भय मला मान्य आहे. पण मूळ प्रश्न असा की, डिझेल इंजिनाची जात इतकी नाजूक आहे काय? रूडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात आपले इंजिन चालवून दाखवले, त्याचे सारे मर्म एका साध्या निसर्गनियमात होते : हवा जोराने दाबली की ती तापते. सोळा ते बावीस पटींनी दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर जाते, त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपण होऊन पेटतो. तेथे ठिणगी नको, कार्बुरेटर नको, दमटपणाने दगा देणारी विजेची तार नको. पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ ठेवते. डिझेल स्वतःच तेलकट, ते ज्या धातूला लागते त्याला काही काळ तरी गंजापासून जपते. आपल्या जिल्ह्यात वीज गावोगाव पोहोचण्यापूर्वी विहिरीवर जी डिझेल इंजिने बसली, ती पावसाळाभर पोत्याखाली झाकलेली असत आणि दिवाळीनंतर हँडलच्या चार फेऱ्यांत बोलू लागत. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना उभारला, तो असल्या सोशिक यंत्राचीच शेतकऱ्याला गरज आहे हे ओळखून. चार महिन्यांची झोप ज्याला बाधत नाही, त्याला बारा वर्षांची झोप थोडी जड जाईल, हे मी समजू शकतो. पण तिने ते मरेल, असे मला वाटत नाही.

साशंक : झोप हा शब्द येथे फसवा आहे. झोपलेल्या देहात रक्त फिरत असते. उभ्या इंजिनात काहीच फिरत नाही, आणि जे फिरत नाही त्याच्यावर हवेचे व पाण्याचे काम मात्र रात्रंदिवस चालू असते. हे इंजिन दोन सिलिंडरांचे. ते ज्या क्षणी थांबले त्या क्षणी कोणत्या ना कोणत्या सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह थोडा उघडा राहिला असण्याचा संभव आहे. त्या फटीतून कोल्हापूरच्या बारा पावसाळ्यांची ओल आत गेली असेल, आणि पिस्टनच्या रिंगा जेथे टेकल्या होत्या तेथे लायनरवर गंजाचे कडे धरले असेल. बेअरिंगांवरचे तेल कधीच ओघळून खाली चेंबरमध्ये गेले. लायनरभोवती पाणी खेळते, ते रोखणारी रबराची कडी सुकून आखडतात, आणि मग ते पाणी गुपचूप तेलात उतरते. चेंबरचा नट ढिला केल्यावर आधी पाणी आले, किंवा तेल ताकासारखे पांढरट निघाले, तर समजावे की तुझा सोशिक प्राणी आतून भिजलेला आहे.

आणि ज्या साधेपणाचे तू कौतुक केलेस, त्याची किंमत एकाच ठिकाणी मोजलेली आहे, ते ठिकाण म्हणजे डिझेलपंप. ठिणगी नाही, म्हणून सारी जबाबदारी फवाऱ्यावर. तो फवारा नेमका व्हावा म्हणून पंपातला प्लंजर त्याच्या बॅरलमध्ये दोन-तीन मायक्रॉनांच्या सैलपणावर बसवलेला असतो. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या फटीची कल्पना कर. तेथे गंजाचा एक कण, वाळलेल्या डिझेलची एक पुटी, एवढे पुरे. पुन्हा पंपातला तो रॅक, ज्याच्या सरकण्यावर डिझेल कमीजास्त होते, तो जर भरपूर डिझेलच्या बाजूला चिकटून बसला असेल, तर इंजिन सुरू झाल्याबरोबर पळत सुटते. बंद करायची दांडी ओढली तरी ऐकत नाही, आवाज चढत चढत किंचाळीवर जातो, आणि जवळच्या माणसाने सुधरून काही करण्यापूर्वी तुकडे उडतात. अशा वेळी हवेची वाट बंद करणे हा एकच उपाय, म्हणून जुने मिस्त्री पहिल्यांदा इंजिन लावताना हवेच्या तोंडाशी एक सपाट फळी घेऊन माणूस उभा करीत. हाताने ते तोंड दाबायला जाऊ नये. हात आत ओढला जातो.

आग्रही : फळी घेऊन मी उभा राहीन. पण मामा, गेल्या रविवारी मी ताडपत्री बाजूला केली तेव्हा मला जे दिसले ते तुम्हांला सांगायचे राहिले, आणि तुमच्या बोलण्याने त्याचा अर्थ आता मला लागतो आहे. सायलेन्सरच्या नळीवर रॉकेलचा एक जुना डबा पालथा घातलेला आहे. एअर क्लीनरच्या तोंडाला तेलात भिजवलेले फडके सुतळीने आवळून बांधले आहे. ते फडके आता चामड्यासारखे कडक झाले आहे. बंद करायची दांडी पूर्ण ओढलेली आहे. आणि क्लचचे पेडल खाली दाबून, ते वर येऊ नये म्हणून, त्याच्या आणि सीटखालच्या लोखंडाच्या मध्ये बाभळीच्या लाकडाची एक खुंटी ठोकून बसवली आहे. हे सारे कशासाठी ते मला त्या दिवशी कळले नव्हते.

साशंक : क्लच दाबून ठेवला आहे? नीट पाहिलेस?

आग्रही : पायाने हलवून पाहिले. खुंटी घट्ट आहे, आणि तिचे वरचे टोक पेडलात बसेल असे तासलेले आहे.

साशंक : तर मग ते तुझ्या आजोबांचेच काम. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला टेकलेली राहिली, तर ओलीने दोन्ही एकमेकांना धरतात आणि पुढे पेडल कितीही दाबले तरी गिअर पडत नाही. म्हणून लांब मुदतीसाठी यंत्र ठेवणारा जाणता माणूस पेडल दाबून अडकवतो. पन्नासांत एखादाच हे करतो. मी कबूल करतो की, या एका गोष्टीने माझे मत थोडे सरकले. ज्याने हे केले त्याने यंत्र टाकून दिले नव्हते, ठेवले होते. आणि टाकलेले यंत्र व ठेवलेले यंत्र यांत मिस्त्रीच्या दृष्टीने फार अंतर आहे. तरीही माझ्या मनात एक प्रश्न उरतो. खुंटी ठोकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे किती काळ होता? एक पावसाळा? फार तर दोन? त्याने पुढच्या हंगामाची तजवीज केली होती, तुझ्या तपाची नव्हे. त्या खुंटीला आज्ञापत्र समजून तू कामाला लागलास, तर त्यांनी न सांगितलेले त्यांच्या तोंडी घातल्यासारखे होईल.

आग्रही : आज्ञापत्र मी समजत नाही, पण तजवीज करणाऱ्याच्या मनात परत येणे होते, एवढे तरी तिच्यातून वाचता येते. आणि परत उभे करण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्र सरकारने कांसाने व्यापलेली पडीक जमीन मोडून लागवडीखाली आणण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटना काढली, तेव्हा तिचा आरंभ महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या ट्रॅक्टरांवर झाला. नव्या यंत्रांसाठी जागतिक बँकेचे कर्ज १९४९ साली, नंतर आले. दुसऱ्याने मागे सोडलेल्या यंत्रावर आधी हात चालवायचा आणि नवे पुढे आणायचे, असा तो क्रम होता. कोल्हापुरात तर हे आपल्या दारातले आहे. राजारामपुरीच्या कडेला लागूनच ते शिवाजी उद्यमनगर, जेथे म्हादबा मिस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावे अजून आदराने घेतात. कंपनीचा सुटा भाग मिळत नाही म्हणून काम अडले, असे तेथे म्हणत नसत. मोडलेला भाग पुढे ठेवून लाकडाचा पॅटर्न करायचा, वाळूच्या साच्यात बीड ओतायचे, लेथवर उतरवायचे आणि बसवून द्यायचे, ही तुमची रीत. लहानपणी तुमच्या दुकानात यायचो तेव्हा तुम्ही नोझल हातपंपाला लावून कागदावर फवारा मारून दाखवत होता. चांगल्या नोझलचा डाग धुक्यासारखा गोल उठे आणि गळक्याचा थेंब एका बाजूला ओघळे. ही विद्या ज्याच्यावर चालावी असे यंत्रच उरले नाही, तर ती कोणत्या वहीत लिहून ठेवणार?

साशंक : तुझ्या बोलण्यातला अभिमान मला सुखवतो, म्हणूनच मी त्याच्याविषयी जपून बोलतो. उद्यमनगरात लायनर होतो, पुली होते, हाउसिंग होते, गिअरसुद्धा होतो. पण प्लंजर आणि बॅरलची जोडी ओतून होत नाही. ती एकमेकांवर घासून जमवलेली, जन्माची जोडी असते. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलात चालत नाही. तो भाग बाहेरून येतो, आणि तो येण्यासाठी त्या यंत्राचे गणगोत बाजारात जिवंत असावे लागते. एचएमटीने १९७१ च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरच्या आराखड्यावर पिंजोरला २५ अश्वशक्तीचा हा ट्रॅक्टर काढला, तो आपल्याकडे पुष्कळ खपला आणि लोकांनी त्याच्यावर प्रेमही केले. परंतु तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली केंद्र सरकारने घेतला. भाग अजून मिळतात, कारण जुने ट्रॅक्टर अजून चालतात. आणि जुने ट्रॅक्टर चालतात, कारण भाग मिळतात. या साखळीतली एक कडी दर वर्षी झिजते आहे.

दुसरे, कागदाचे. आरसी पुस्तकावर नाव आजोबांचे. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण. ते या बारा वर्षांत कोणी केलेले नाही. वारसाची नोंद करायची तर सर्व वारसांची संमती, मृत्यूचा दाखला, आणि कर्ज काढून घेतला होता म्हणून बँकेचा बेबाकीचा दाखला. जमिनीचा फेरफार तुम्ही वेळेवर करून घेतलात, सातबाऱ्यावरचा बोजाही उतरला. पण ट्रॅक्टरच्या पुस्तकावरची तारणाची नोंद उतरवायला कोणी गेल्याचे मला आठवत नाही. कागद पुरा होईपर्यंत हे यंत्र चालू असले तरी रस्त्यावर नेता येणार नाही.

तिसरे आणि खरे, कामाचे. गावाकडे तुमचा ऊस दोन एकर. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढून कारखान्याच्या काट्यावर न्यायच्या तर आज पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या खालचा ट्रॅक्टर कोणी लावत नाही. राहिली नांगरट, सरी सोडणे, रोटाव्हेटर. ती शेजारचा ट्रॅक्टरवाला तासाच्या भाड्याने करून देतो, आणि त्याचा डिझेलपंप बिघडला तर ती त्याची काळजी असते, तुझी नाही.

आग्रही : हिशेबात तुमच्याशी वाद घालणार नाही; हिशेब बरोबर आहे. पण भाड्याने काम करून घेणाऱ्याला यंत्राविषयी काहीच कळण्याची गरज उरत नाही, हेही तुमच्या हिशेबातच धरले पाहिजे. दर वर्षी खंडेनवमीला आम्ही त्या ट्रॅक्टरची पूजा केली. मी स्वतः हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. त्या दिवशी ताडपत्री काढली तेव्हा रेडिएटरच्या जाळीत बारा वर्षांच्या माळांचे दोरे अडकलेले दिसले, काही पाकळ्या काळ्या होऊन जाळीतच चिकटल्या होत्या. आम्ही फुले वाहिली, पण फ्लायव्हील एकदाही फिरवले नाही. मला त्या दोऱ्यांची लाज वाटली, मामा. जे शस्त्र वापरायचे नाही त्याचे पूजन करीत राहणे मला आता जमणार नाही. एक तर ते वापरात आणीन, नाही तर ज्याला वापरता येईल त्याला देईन. पण माळ घालून उभे ठेवणार नाही.

साशंक : ही तुझी सर्वांत प्रामाणिक गोष्ट. हिला उत्तर म्हणून नव्हे, पण हिच्या बाजूला ठेवून पाहावी अशी एक गोष्ट मीही सांगतो. तुझ्या आजोबांकडे ट्रॅक्टर येण्यापूर्वी खिल्लार बैलांची जोडी होती. बेंदराला त्यांची शिंगे रंगवून, अंगावर झूल घालून ते स्वतः त्यांना वेशीतून मिरवत. गावात तशी जोडी दुसरी नव्हती. ट्रॅक्टर आला आणि त्याच सुगीनंतर त्यांनी जोडी विकली. तुझ्या आजीने दोन दिवस अन्न घेतले नाही. मी तेव्हा नवा नवा पाहुणा, मी त्यांना विचारले की, एक बैल तरी ठेवायचा होता. ते म्हणाले, काम नसलेल्या जनावराला दावणीला बांधून वैरण घालणे ही माया नाही, ते त्याला खाली बसवणे आहे. ज्या माणसाने बेंदराचे बैल विकले, तो आपल्या ट्रॅक्टरला फुले वाहून ठेवणाऱ्या नातवाला काय म्हणाला असता, याचा विचार तू कर. त्या जोडीवर त्यांचे प्रेम कमी नव्हते, हे मी पाहिले आहे.

आग्रही : जोडी विकली, पण ती ज्याला विकली तो शेतकरी होता, कसायाला दिली नाही. ती जोडी पुढे दुसऱ्याच्या शेतात राबली. आज हा ट्रॅक्टर जसा आहे तसा विकायचा म्हटले, तर तो घेणारा एकच, भंगारवाला, कारण आत काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही; मलाही नाही, तुम्हांलाही नाही. म्हणजे विकण्यासाठीदेखील आधी तो उघडला पाहिजे. आणि बैलाशी त्याची बरोबरी मला पूर्ण पटत नाही. बैल आपल्या वयाने म्हातारा होतो, तेथे आपला इलाज नसतो. यंत्र आपल्या दुर्लक्षाने म्हातारे होते. मघाशी तुम्ही सांगितलेत की, उभे राहिल्याने रिंगा गंजतात, रबर आखडते, प्लंजर चिकटतो. यंत्राला विश्रांती मानवत नाही, हे तुम्हीच सिद्ध केलेत. मग त्याचे आयुष्य त्याच्या वर्षांनी मोजायचे की त्याच्याकडे कोण पाहते त्यावरून?

साशंक : माझ्याच शब्दाने तू मला बांधलेस, आणि ते योग्य आहे. तर मग प्रश्न आता असा बदलला. सुरू होईल की नाही, हा प्रश्न मागे पडला. माझा बारा आणे अंदाज आहे की योग्य रीतीने गेले तर होईल. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. यंत्र सुरू केले की त्याला दर महिन्याला निदान अर्धा तास तरी, चांगले गरम होईपर्यंत, चालवणारा माणूस हवा. टाकीत डिझेल अर्धवट न ठेवता भरून ठेवणारा हवा, कारण रिकाम्या टाकीच्या भिंतीवर दव धरून ते पाणी तळाशी साचते, आणि डिझेल व पाणी जेथे भेटतात तेथे बुरशीसारखा गाळ वाढतो. फिल्टर बदलणारा, बॅटरीचे पाणी पाहणारा हवा. हे जर झाले नाही, तर तू त्याला आजच्या कोरड्या, तेलकट स्थितीतून उठवून ओलसर, निम्म्या वापरलेल्या स्थितीत पुन्हा उभा करशील, आणि ती स्थिती आजच्याहून वाईट. सुरू केलेले यंत्र दुसऱ्यांदा सोडले तर ते पहिल्यासारखे टिकत नाही. तेव्हा तू मला सांग, पुढच्या वर्षी श्रावणात, बाहेर पावसाची झड लागली असताना, राजारामपुरीतल्या कोणत्या माणसाची पावले त्या शेडकडे वळणार आहेत?

आग्रही : माझी, असे म्हणायला जीभ उत्सुक आहे. पण तुमच्यापुढे ते बोलताना जबाबदारी वाटते. नोकरी आहे, मुलांच्या शाळा आहेत. दर महिन्याचे वचन मी आज देऊ शकत नाही, आणि जे देता येत नाही ते देऊन तुमच्याकडून काम काढून घेणे मला बरोबर वाटत नाही. तरीही, मामा, ज्याच्याविषयी काहीच माहीत नाही त्याच्याविषयी शपथ कशी घ्यायची? इंजिन फिरते की जाम आहे, पंप हलतो की चिकटला आहे, एवढे कळल्यावर मी मला स्वतःला विचारीन. आधी वचन आणि मग यंत्र, हा तुमचा क्रम. आधी यंत्र आणि मग वचन, हा माझा. यांत कोणता बरोबर हे मला कळत नाही.

साशंक : मलाही कळत नाही, माझ्या धंद्यात लोक नेहमी वचन देत आणि नंतर येत नसत, म्हणून मी माझा क्रम धरला असेल. बरे, मग दोघांच्या मधली एक वाट आहे. सुरू करण्याची भाषा तूर्त सोडून दे. टाकीतले डिझेल पूर्ण काढून एका काचेच्या बाटलीत रात्रभर ठेव. सकाळी तळाशी पाणी किती आणि रंग कसा ते पाहू. नुसता वासही पुष्कळ सांगतो. बिघडलेल्या डिझेलला रोगणासारखा आंबट वास येतो. चेंबरचा नट हळू ढिला कर, आधी काय येते ते पाहा आणि मला सांग. मग नोझल उतरवू, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे डिझेलमिश्रित पातळ तेल सोडून ठेवू. आठ दिवस कोणीही काहीही करायचे नाही. नोझल बाहेर असल्यामुळे आत पाणी असले तरी ते कोंडून रॉड वाकणार नाही, वरच्या छिद्रातून उडेल. नवव्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावायचा आणि हाताने, अंगाने नव्हे हाताने, पुढे किंचित, मागे किंचित असे फिरवून पाहायचे. पहिला फेरा हाताचाच. सेल्फला आत काय अडले आहे ते कळत नाही, हाताला कळते. रिंग गंजलेली असेल तर ती करकरते, आणि तेल मुरल्यावर ती करकर हळूहळू मऊ होत जाते, हे पान्याच्या दांड्यातून तळव्याला लागते. एक पूर्ण फेरा झाला की थांबायचे.

आग्रही : आणि तो फेरा सहज झाला तर?

साशंक : ते मला आज सांगता येत नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचीच चिंता आहे. जाम निघाले तर हेड उतरवण्याचा खर्च समोर येईल, आपण आकडे पाहू, तू कदाचित नको म्हणशील आणि तुझ्या मनावर ओझे राहणार नाही. सहज फिरले तर मात्र पुढची सगळी कामे दारात उभी राहतील. पंपाची बाजूची झाकणी काढून रॅक बोटाने सरकतो का ते पाहायचे. नवे डिझेल भरून फिल्टरपासून नोझलच्या नळीपर्यंत एकेक नट ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची. बंद करायची दांडी ओढून धरून सेल्फ मारायचा आणि ऑइलच्या काट्याने मान वर करेपर्यंत डिझेल द्यायचे नाही, कारण बारा वर्षांच्या कोरड्या बेअरिंगवर पहिला स्फोट पडता कामा नये. यातली प्रत्येक पायरी मागे फिरण्याजोगी आहे. फक्त शेवटची नाही.

आग्रही : पंप तुम्ही उघडाल ना?

साशंक : उघडीन. पण माझी नजर आता पूर्वीची राहिली नाही. प्लंजरवरची बारीक रेघ मला दिव्याखाली दिसत नाही, ती नखाने चाचपून ओळखावी लागते. शेजारी बसून डोळ्यांनी पाहणारा कोणी असेल, तर बोटांना जे लागते ते मी त्याला सांगू शकेन.

आग्रही : मी बसेन. त्यापुढचे मात्र आज बोलत नाही.

साशंक : नको बोलूस. गुरुवारी सकाळी मी येतो. नोझलचा पाना माझ्याकडे आहे, तू दोन स्वच्छ थाळ्या आणि जुने धोतर फाडून ठेव, नोझल काढल्याबरोबर छिद्रे झाकायला लागतील. आणि ती बाभळीची खुंटी मी पाहीपर्यंत काढू नकोस.